शनिवारचा ग्रुप आल्प्स चढतो

युरोपहून परत येऊन महिना झाला. बॅगा माळ्यावर गेल्या, बूट धुऊन झाले, किस्से मात्र संपत नाहीत. इथे मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत कोणाच्याही घरी चार मराठी माणसं जमली की कोणीतरी म्हणतंच, "तो तांदळाचा किस्सा सांगा ना!" एक सांगितला की त्याला चिकटून दुसरा येतो. तेव्हा एकदाच सगळे सांगून टाकते.

आधी ग्रुपबद्दल. आम्ही सहा जोडपी. गेली दहा वर्षं दर शनिवारी सकाळी तळ्याभोवती चालायचं आणि नंतर कोणाच्या तरी घरी पोहे. लीडर शिरीष. हा इंजिनिअर माणूस पोह्यांचीही एक्सेल शीट करतो. सगळ्यात मागे माझा नवरा, माधव. दिसेल त्या फुलाचा फोटो काढायचा, त्यामुळे कायम दहा मिनिटं मागे. शिरीष डोकी मोजायचा आणि ओरडायचा, "एक कमी आहे!" मग माधव हसत हसत यायचा आणि शिरीषचं ठरलेलं वाक्य, "माधव, तुझ्यामुळे आपण पुन्हा स्केड्यूलच्या मागे!"

इटलीतल्या आल्प्समध्ये, डोलोमाइट्सच्या डोंगरात आठवडाभर हायकिंग करायचं, ही कल्पना माधवचीच. बुकिंगही त्यानेच केलं, वर्षभर आधी. ऑक्टोबरमध्ये तो गेला. हार्ट अटॅक.

मी ट्रिप कॅन्सल केली नाही. आम्ही अकरा जण गेलो.

*

मिनेसोटा म्हणजे पोळपाट. डोंगर चढायची प्रॅक्टिस करायची कुठे? शिरीषने एक पार्किंग रॅम्प शोधला. गाड्या लावायची पाच मजली इमारत. पाठीवर वजन हवं म्हणून प्रत्येकाच्या बॅकपॅकमध्ये दहा पौंडी बासमतीची पिशवी. अकरा मध्यमवयीन माणसं पाठीवर तांदूळ घेऊन जिने चढतायत, उतरतायत!

तिसऱ्या शनिवारी सिक्युरिटी गार्ड आला. "इथे काय चाललंय?"

आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ बापट काका. निवृत्त सर्जन, वय चौऱ्याहत्तर. धापा टाकत म्हणाले, "वी आर क्लाइंबिंग द आल्प्स."

गार्डने भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं. "सर, तुम्ही अजून तिसऱ्या लेव्हललाच आहात."

*

निघायच्या आदल्या आठवड्यात ग्रुपच्या व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षाचा मेसेज आला. वर्षा म्हणजे शिरीषची बायको. 'सुनीताताईंसमोर माधवचा विषय कोणीही काढायचा नाही. नाव पण नाही. ट्रिपभर लक्षात ठेवा.'

सुनीताताई म्हणजे मी. हा मेसेज मला वगळून केलेल्या दुसऱ्या ग्रुपवर जायचा होता. आला आमच्या नेहमीच्या ग्रुपवर!

वर्षाने तो पुसेपर्यंत मी त्यावर अंगठ्याचा इमोजी टाकून मोकळी झाले होते.

खरं सांगायचं तर मला हवं होतं ते बरोबर उलटं. त्याचं नाव कोणीतरी घ्यावं. आमच्या घरात आता ते घेणारं कोणी नव्हतं, आणि दहा वर्षं ज्यांच्या तोंडी दर शनिवारी ते होतं, ते सगळे ऑक्टोबरपासून गप्प होते. पण एवढ्या प्रेमाने गप्प बसलेल्यांना सांगायचं कसं?

*

पहिल्या मुक्कामी हॉटेलच्या रिसेप्शनवरची मुलगी यादी वाचत होती. माझ्या नावापाशी थांबली. "आणि मिस्टर जोशी? ते नंतर येतायत का?"

मी तोंड उघडायच्या आत वर्षा पुढे झाली. "ही हॅज अ मीटिंग!"

मुलीने नम्रपणे विचारलं, "मग डिनरला येतील?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी बापट काकांनी घसा साफ केला. "नो, नो. इट्स अ लाँग मीटिंग."

मला हसू आवरेना. मी चेहरा हातांत झाकला, खांदे गदगदा हलायला लागले. सगळ्यांना वाटलं, मी रडतेय. पाच बाजूंनी पाच टिश्यू पुढे आले!

*

दुसऱ्या दिवशी चढण सुरू झाली आणि बापट काका कुरकुरायला लागले. "अरे, ही बॅग इतकी जड कशी? हवा विरळ झाली की वजन वाढतं का?" डॉक्टर माणूस! तरी आम्ही सगळ्यांनी आळीपाळीने त्यांची बॅग उचलली.

डोंगरावरच्या लॉजमध्ये पोचल्यावर बॅग उघडली. तळाशी पार्किंग रॅम्पमधली बासमतीची पिशवी. काका ती काढायलाच विसरले होते.

वर्षाने ताबडतोब लॉजच्या किचनचा ताबा घेतला. बाकी सामान होतंच, कारण आमच्यातला एकही जण मेतकूट आणि लोणचं घेतल्याशिवाय विमानात बसलेला नव्हता. मऊ भाताचा वास सुटला तशी लॉजची मालकीण आली. डोळे विस्फारून म्हणाली, "हे तुम्ही अमेरिकेहून उचलून आणलंत?"

काका म्हणाले, "नो, नो. देहरादूनहून."

*

शिरीषच्या शीटमध्ये एक ओळ होती: 'व्ह्यू, १०.४० ते १०.५५.' आम्ही बरोबर दहा चाळीसला पोचलो. समोर धुकं. हाताची बोटं दिसत नव्हती.

"व्ह्यू बघून घ्या," शिरीष म्हणाला, "नंतर वेळ नाहीये."

आणि आम्ही पंधरा मिनिटं धुक्याकडे तोंड करून उभे राहिलो. काकांनी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. पुण्याहून त्यांच्या बहिणीचं लगेच उत्तर, 'लोणावळ्याला कधी आलात? कळवलं पण नाहीत!'

*

त्याच दुपारी बसस्टॉपवर शिरीषने सवयीने डोकी मोजली आणि सवयीनेच ओरडला, "एक कमी आहे! कोण मागे राहिलं?"

दहा माणसं आपापले बूट निरखायला लागली.

शिरीषचे कान लाल झाले. "सॉरी, सॉरी. मी स्वतःला धरलंच नव्हतं. बरोबर आहेत. बारा."

आम्ही अकरा होतो. इंजिनिअरने सगळ्यांदेखत बारा करून दाखवले आणि कोणीही हरकत घेतली नाही.

*

मग तो चीजचा प्रसंग. कुरणात बसून आम्ही जेवत होतो. आकाश निळंशार, ढगाचा ठिपका नाही. काका चीज खाता खाता म्हणाले, "वा! हे आपल्या माध..."

"पाऊस येणार वाटतं!" वर्षा किंचाळली.

काकांनी घाईघाईने रेनकोट काढला. शिरीषने काढला. एकेक करत सगळ्यांनी चढवले. मीही चढवला, न चढवून सांगते कोणाला!

आमचा गाइड लुकास तिथल्याच गावातला, जन्म त्या डोंगरात गेलेला. त्याने आकाशाकडे पाहिलं. आमच्याकडे पाहिलं. पुन्हा आकाशाकडे पाहिलं. आणि गुपचूप स्वतःचा रेनकोट घातला.

*

शेवटचा दिवस. सगळ्यात उंच खिंड. शीटमध्ये लिहिलं होतं: 'पाच मिनिटं थांबा, फोटो, निघा.' कारण खाली जाणारा शेवटचा रोपवे चारला सुटत होता. तो चुकला तर तीन तास पायी उतार.

सगळे वर आले. शिरीषने मोजलं. बोट फिरवत माझ्यापर्यंत आला आणि थांबला.

"एक कमी आहे," तो म्हणाला.

लुकासने मोजलं. "इलेव्हन. ऑल हिअर."

"नाही," शिरीष म्हणाला. मराठीतच. मग जवळच्या दगडावर जाऊन बसला. "माधव यायचाय."

मी वर्षाकडे पाहिलं. आता ही पाऊस पाडणार.

लुकासने घड्याळ दाखवलं. "हाऊ लाँग?"

"टेन मिनिट्स," वर्षा म्हणाली. "माधव ऑल्वेज टेक्स टेन मिनिट्स." आणि ती माझ्याशेजारी येऊन बसली.

काका काठी टेकवत खाली बसले. "फुलांचे फोटो काढत असेल गाढव. इथे तर केवढी फुलं आहेत."

"मग दहात नाही व्हायचं त्याचं," मी म्हणाले.

"पंधरा धरू," शिरीष म्हणाला.

आम्ही अकरा जण ज्या वाटेने आलो तिच्याकडे तोंड करून बसलो. लुकासही बसला.

पंधरा मिनिटांनी शिरीष उठला, कडेपर्यंत गेला आणि खाली रिकाम्या वाटेकडे बघत ओरडला, "माधव! तुझ्यामुळे आपण पुन्हा स्केड्यूलच्या मागे!"

रोपवे चुकला.