शिबली मदानातांची न प्यायलेली कॉफी

अम्मानमधल्या सॉफ्टवेअर कंपन्या किती चपळ आहेत हे मोजण्यात शिबली मदानातांचा जन्म गेला. स्वतः ते एक जिना चढताना दोनदा टेकत. एक ते पाचमधले गुण द्यायचे, आणि जिथे मोजायचं तिथलं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा त्यांचा बाणा.

अबू फव्वाज या निवृत्त ब्रिगेडियरच्या कंपनीत ते गेले, तेव्हा तिथल्या पोरांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. शिबली ज्या बँकेत नोकरीला होते तिचंच काम ही कंपनी करायची. तीनपेक्षा कमी गुण पडले तर ते काम जाणार, आणि कामाबरोबर सगळ्यांच्या नोकऱ्या. चपळ म्हणवणाऱ्या कंपन्यांत सकाळची बैठक उभ्यानेच घेतात, म्हणजे लवकर आटोपते. पण पाहुणा उभा राहिलेला ब्रिगेडियरला खपेना. त्याने सगळ्यांना बसवलं, पाठीशी उशा दिल्या, आणि बैठक दुपारपर्यंत रंगली.

"बटणाचा रंग बदलायचा राहिलाय, रमजानपासून," पोरांपैकी रवान म्हणाली. बँकेच्या अ‍ॅपमधलं ते बटण तिनेच केलं होतं.

"मग अडलंय कुठे?" शिबलींनी विचारलं.

"साहेबांच्या सहीवर."

"सही म्हणजे शिस्त!" ब्रिगेडियर गरजला. "चपळ व्हा, हा हुकूमसुद्धा मी सही करूनच काढलाय."

शिबलींनी मनातल्या मनात दोन गुण दिले. तेवढ्यात वेलचीची कॉफी आली. नेमाप्रमाणे त्यांनी कप न पिता समोर ठेवला.

पोरं एकमेकांकडे बघू लागली. तिथल्या रिवाजाप्रमाणे पाहुण्याने कप खाली ठेवला म्हणजे त्याचं काही मागणं आहे. ते पुरं झाल्याशिवाय तो पिणार नाही, आणि कॉफी तशीच राहिली तर यजमानाची अब्रू गेली. शिबलींच्या हे ध्यानात आलं तोवर उशीर झाला होता.

"घ्या कॉफी, अबू नबील! मागाल ते दिलं. पोरासाठी मुलगी हवी का? ही रवान आहे!" ब्रिगेडियर म्हणाला. नबील हा शिबलींचा मुलगा, म्हणून ते अबू नबील, म्हणजे नबीलचे बाबा.

"अहो, मला विचारा तरी!" रवान ओरडली.

पोरं शिबलींकडे डोळे लावून बसली होती. त्यांना त्या पोरांची फार दया आली.

"बटण करणाऱ्याने रंग ठरवावा. सही नको," शिबली म्हणाले.

"दिलं! अर्ज आणा रे, आत्ता सही करतो."

शिबली कपाला हात लावीनात. ब्रिगेडियर लालबुंद झाला, मग नमला.

"कर बाई तुला हवा तो," तो रवानला म्हणाला.

रंग तिथल्या तिथे बदलला आणि शिबली कॉफी प्यायले. मग त्यांनी बँकेला कळवलं, 'यजमानांची कॉफी प्यायलो. आता मी गुण देऊ शकत नाही, दुसरा माणूस नेमा.'

दुसरा माणूस नेमायला बँकेत सहा साहेबांची संमती लागते, त्यामुळे पोरं अजून कामावर आहेत. शिबलींची नोकरी मात्र त्याच संध्याकाळी गेली. इतकं चपळ काम त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.