दुपट्ट्याने धरलेली जागा

सरदार म्हटलं की लोकांना फेटा आणि घोडा आठवतो. कोळशाच्या खाणीतल्या सरदाराकडे यातलं काही नसतं. डोक्यावर बत्तीचं हेल्मेट, एका हातात जाळीचा दिवा, दुसऱ्या हातात टोकाला लोखंड बसवलेली काठी आणि खिशात खडूचे दोन तुकडे, एवढाच सरंजाम. वणीकडच्या एका जमिनीखालच्या खाणीत मी बरीच वर्षं असा सरदार होतो. पाळी सुरू होण्याआधी एकट्यानं खाली उतरायचं, माणसं जिथे काम करणार त्या प्रत्येक जागेचं छत ठोकून पाहायचं, आणि वर येऊन सांगायचं, जा. मी जा म्हणेपर्यंत कोणी उतरायचं नाही हा नियम होता. तो साहेबांनाही लागू होता, त्यामुळे दिवसातले ते दोन तास मला फार आवडायचे.

छत ठोकणं ऐकायला सोपं वाटतं. दिवा पट्ट्याला अडकवून डावा पंजा वरच्या दगडाला लावायचा आणि उजव्या हातानं काठी मारायची. पक्का दगड टणकन बोलतो. सुटलेला दगड बद्द असा बसका आवाज काढतो, आणि पंजाला बारीक थरथर कळते. छत बरं निघालं तर तिथे खडूनं तारीख आणि सही. वाईट निघालं तर त्या गल्लीच्या तोंडाशी दोन लाकडं फुलीसारखी बांधायची आणि पुढे पाऊल टाकायचं नाही, स्वतः सरदारानंसुद्धा नाही. दिवा छताशी उंच धरून ज्योतीवर निळी टोपी चढते का तेही बघायचं, कारण वायू असला तर तो तिथे कळतो. या कामानं माझा कान असा बिघडला होता की बाजारात टरबूज ठोकून घेऊ लागलो की बायको विचारायची, "खडू देऊ काय?"

माझा स्वभाव तेव्हा तापट होता. आता निवळला असं मी म्हणतो, घरचे म्हणत नाहीत. वर खाणीच्या तोंडाशी माणसं ताटकळायची, थंडीत पाय आपटायची, आणि कोणीतरी ओरडायचं, "सरदार, काय छताले लेकरू झालं काय?" मी मुद्दाम आणखी पाच मिनिटं लावायचो.

त्या वर्षांत कापसाची पार दैना झाली होती, आणि कापूस पिकवणाऱ्या गावांतली पोरं कोळसा भरायला येऊ लागली होती. टोपलीनं कोळसा उचलायचा आणि रुळावरच्या टबात टाकायचा, असं काम. माझा साळाही त्यांतच आला. बायकोचा धाकटा भाऊ, बोरी अरब गावचा. अंगानं धडधाकट, बोलायला मोकळा आणि झोपेला पक्का. खरं तर तो आला नाही, मीच त्याला आणला. बायको महिनाभर माझ्या मागे लागली होती. तो आला त्या दिवशी तिनं मला मोरीशी गाठून सांगितलं, "तो खाली तुमच्या भरवशावर उतरून राह्यला. मले दुसरं कोनाले विचारता येत नाही." मी म्हणालो, माझ्या ठोकलेल्या छताखाली आजवर कोणाला खरचटलंही नाही. तेव्हा ते खरं होतं, आणि मला त्याचा गर्वही होता.

साळा आमच्याकडेच राहायचा. रात्री जेवताना कापूस खरेदी केंद्राच्या गोष्टी सांगायचा. केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग लागायची, ती दोन-दोन, तीन-तीन दिवस हलायची नाही. माणूस किती वेळ उभा राहणार? मग गाडीच्या जुवावर आपला खांद्यावरचा दुपट्टा बांधून ठेवायचा आणि गाडीखाली खुशाल ताणून द्यायची. रांगेतला दुपट्टा कोणी हलवायचा नाही. त्यावरून कितीही भांडणं होवोत, दुपट्ट्याला हात लागायचा नाही. साळा म्हणायचा, "दुपट्टा म्हंजे मानूसच समजा, भाऊजी. आपुन तिथंच हावो."

त्याच्या दुपट्ट्याच्या एका कोपऱ्याला माझ्या बायकोनं निळ्या दोऱ्यानं टीप घातली होती. सगळ्यांचे दुपट्टे लाल चौकडीचे, धुवायला टाकले की अदलाबदल व्हायची, म्हणून.

तो सोमवार होता. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी मी जास्त जपून बघायचो. माणसं नसताना खाण एक दिवस स्वस्थ बसते, आणि जे सुटायचं ते तेवढ्यात सुटतं. पहाट उलटली होती, बाहेर धुकं होतं. उतारावरून मी खाली गेलो. दोन गल्ल्या बऱ्या निघाल्या, खडू मारला. तिसरी डावीकडची गल्ली टबाच्या रुळाला अगदी लागून होती. तिथे जागा मिळाली की टोपली घेऊन कमी चालावं लागायचं, म्हणून त्या गल्लीसाठी रोज सकाळी ढकलाढकली व्हायची.

तोंडाशीच काठी मारली आणि आवाज बद्द आला. दिवा पुढे केला. दहा-बारा पावलांवर छताचा एक मोठा पापुद्रा खाली आला होता, खाटेएवढा. त्याच्या खालून लाल चौकडीचं कापड बाहेर आलेलं होतं.

मी कपाळावरची बत्ती त्यावर रोखली. कोपरा माझ्याच बाजूला होता. निळी टीप.

मी त्याला हाक मारली. त्याचं घरातलं नाव घेऊन मारली, मग शिव्या देऊन मारली. माझाच आवाज घुमून परत आला. कान देऊन ऐकलं, तर वर कुठेतरी बारीक खडे सुटून पडत होते, म्हणजे पापुद्र्याच्या आजूबाजूचं छतही सुटलेलंच होतं. दहा-बारा पावलं. धावत गेलो असतो तर कापड हाताला लागलं असतं. खाली हात आहे की पाय आहे तेवढं कळलं असतं.

मी गेलो नाही. दोन लाकडं ओढली आणि गल्लीच्या तोंडाशी फुली बांधली. गाठ तीनदा सुटली. नियम तोच होता, मी शेकडो वेळा दुसऱ्यांना सांगितलेला. पण मी नियमासाठी थांबलो की भीतीनं थांबलो, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. उतार चढताना माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, की बायकोला कोणत्या तोंडानं सांगू.

वर आलो तो थेट बत्तीघरात. प्रत्येक माणूस आपला पितळी बिल्ला तिथे द्यायचा आणि कपाळावरची बत्ती घ्यायचा. बिल्ला खिळ्यावर लटकत असेल तर माणूस बत्ती घेऊन गेलेला. बत्तीघर सांभाळायचे ते चाचा मूळ पांढरकवड्याचे, आधी ट्रकांच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक होते. आमच्या खाणीत न ओरडता बोलणारा तेवढा एकच माणूस. साळ्याचा बिल्ला खिळ्यावर होता.

"याले बत्ती कोनं देली?" मी ओरडलो. एरवी मी कामावर असं बोलत नसे, पण त्या वेळी तोंडातून घरचीच बोली निघाली.

"मीच देली, सरदार. सगळ्यात आधी आलता," चाचा म्हणाले. "काहून, काय झालं?"

मी बाहेर धावलो. तोंडाशी सगळे उभे होते, साळा नव्हता. विचारलं, कोणी पाहिलं का. कोणी पाहिलं नव्हतं. मागच्या बाजूला हवा यायची दुसरी वाट होती, तिथून एखादा आगाऊ माणूस गुपचूप उतरू शकत होता. मी ओरडून सांगितलं, तीन नंबरच्या गल्लीत माणूस दबला आहे, साहेबांना कळवा, छताला टेके द्यायला लाकडं आणा. कोण दबला ते मला सांगवलं नाही. दहा-पंधरा जण लाकडांच्या थप्पीकडे पळाले. चाचा बत्तीघर उघडं टाकून माझ्याजवळ आले, माझा दंड धरला आणि म्हणाले, "बैठ जाव. तुम्ही पडले तं अजून एक उचलाव लागंन."

मी बसलो नाही. लाकडं खांद्यावर घेऊन माणसं धुक्यातून परत येताना दिसली. सगळ्यात पुढे, सगळ्यात जाड टेका खांद्यावर घेऊन, अनवाणी पायानं एक जण धावत येत होता. एका कानशिलावर गवताची काडी चिकटलेली. तो माझ्यासमोर येऊन थांबला, टेका खाली टाकला आणि धापा टाकत म्हणाला, "भाऊजी, कोन दबलं हो?"

तो माझा साळा होता.

मी म्हणालो, "तू."

त्यानं मागे वळून पाहिलं, जणू मी दुसऱ्याच कोणाला म्हणालो. मी त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली. आयुष्यात त्याच्यावर उचललेला तो एकच हात. आणि लगेच त्याला धरून मी रडलो, सगळ्यांसमोर, हुंदके देऊन. मला लाज वाटली नाही. छातीवरून तो अख्खा पापुद्रा कोणी उचलून नेल्यासारखं झालं होतं. चाचांनी हात वर करून काहीतरी पुटपुटलं आणि ते बत्तीघराकडे परत गेले.

मग उलगडा झाला. शनिवारी संध्याकाळी वर येताना गड्यानं रुळालगतच्या त्या गल्लीत आपला दुपट्टा अंथरून ठेवला होता. सोमवारची जागा धरली. रविवार त्यानं घरात झोपून काढला, त्यामुळे दुपट्टा नाही हे कोणाच्या लक्षात आलं नाही. सोमवारी लवकर आला, बत्ती घेतली, आणि तोंडाशी गर्दी जमू लागली तेव्हा त्याच्या मनात आलं, आपण कशाला ढकलाढकलीत उभं राहायचं, आपला दुपट्टा आहे की तिथे. लाकडांच्या थप्पीमागे गवतावर, बूट उशाशी घेऊन, त्यानं ताणून दिली. माणसं येऊन लाकडं ओढू लागली तेव्हा त्याला जाग आली. कोणीतरी दबलं एवढं ऐकलं आणि बूट तसेच टाकून, हाताला आला तो टेका उचलून धावला. स्वतःलाच काढायला निघाला होता.

साहेबांनी त्याला चार गोष्टी सुनावल्या, मला दोन. त्या दिवशी ती गल्ली बंद राहिली. बाकी जागा मी पुन्हा ठोकून आलो आणि पाळी उशिरा सुरू झाली. कोणीही छताला लेकरू झालं का असं विचारलं नाही.

संध्याकाळी आम्ही दोघे सायकली हातात धरून घराकडे चाललो होतो. हसत होतो मधूनमधून, उगाच. अंगातून भीती उतरताना माणूस असाच खुळ्यासारखा वागतो. पण मला एक गोष्ट टोचत होती, आणि ती सांगितल्याशिवाय घरात पाऊल टाकवेना. दुपट्टा कुठे गेला असं बायको विचारणार, आणि मी तिच्या डोळ्याला डोळा भिडवणार कसा? शेवटच्या वळणावर मी थांबलो.

"ऐक," मी त्याला म्हणालो. "तू ऐकलं तसा धावला. कोण दबलं ते माहीतसुद्धा नव्हतं तुला. मला माहीत होतं. तरी मी आत गेलो नाही. बारा पावलं होती. मी फुली बांधून वर आलो."

त्यानं सायकल उभी केली. मला वाटलं, आता हा मनात धरणार, आणि धरलं तरी त्याचं चुकलं नाही.

"भाऊजी," तो म्हणाला, "मी तं गवतात झोपलो होतो. तुम्ही आत गेले असते, न वरून दुसरा दगड आला असता, तं मी उठून टेका घेऊन आलो असतो, न तुमाले काढलं असतं. कायच्यासाठी मेले असते तुम्ही? दुपट्ट्यासाठी?"

मी सायकलची घंटी उगाच एकदा वाजवली.

दारात बायको उभी होती. तिनं आधी भावाकडे पाहिलं, मग त्याच्या मोकळ्या खांद्याकडे. "दुपट्टा कुठं?"

"रांगेत ठेवला," तो म्हणाला, आणि हात धुवायला मोरीकडे गेला.

तिनं माझ्याकडे पाहिलं. माझे डोळे अजून लाल असावेत, कारण तिनं पुढे काही विचारलं नाही. जेवणं झाल्यावर मी तिला सगळं सांगितलं, पहिल्या बद्द आवाजापासून. ती ऐकून उठली, भाऊ ज्या खोलीत झोपला होता तिथे गेली, आणि बराच वेळ दारात उभी राहिली. आत तो घोरत होता. परत आली तेव्हा तिच्या हातात पेटीतला माझा नवा दुपट्टा आणि निळ्या दोऱ्याची रीळ होती.

"हा उद्या त्याले द्या," ती म्हणाली. "न तुमचाही जुना आना इकडं. दोघायच्यालेही टीप मारून ठेवते."

मी माझा दुपट्टा खांद्यावरून काढून तिला दिला.