आतल्या मालासकट

वाफवलेल्या पिठाच्या वळकट्या पातळ कापायच्या, चकत्या बांबूच्या तट्ट्यांवर मांडायच्या आणि उन्हात टाकायच्या, हे तुरिनीचं आताचं काम. माशाच्या पापड्या. इंद्रमायूत, लोसारांगच्या बाजूला, निम्मी घरं हेच करतात. ऊन उतरलं की तट्ट्या घरात यायच्या, आणि घरात त्या रचायला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे पुढच्या खोलीतलं लांबट काळं खोकं. खोक्यात सिंथेसायझर होता. गावात त्याला ऑर्गन म्हणत, आणि तुरिनीला अजून, सवयीने, ऑर्गनवाली.

सवयीनेच. गेल्या वर्षी ते खोकं दोनदा उघडलं होतं. एकदा गल्लीतल्या स्वातंत्र्यदिनाच्या कार्यक्रमाला आणि एकदा शेजारच्या गावात सुंतेच्या जेवणावळीला, तेही ठरलेल्या वाजवणाऱ्याची गाडी वाटेत बंद पडली म्हणून.

ती मूळची गाणारी. सतराव्या वर्षापासून लग्नाच्या मांडवांत गायली, एका ऑर्गनवाल्याच्या साथीने. ती तिशीला आली तेव्हा तो ऑर्गनवाला दुसऱ्या गाणारणीला घेऊन पळाला आणि घेतलेली तीन लग्नं तशीच टाकून गेला. त्यांच्या पळण्याचं तुरिनीला फारसं काही वाटलं नाही. लग्नं टाकून गेला, हे मात्र लागलं. यापुढे दुसऱ्याच्या बोटांवर आपलं पोट ठेवायचं नाही, असं ठरवून ती तीन वर्षं रियाधला घरकामाला गेली आणि आली ती हे वाद्य घेऊन. शिकवायला कोणी तयार होईना. गाणारीने गावं, बटणं दाबायला पुरुष आहेत, असं मांडववाले तोंडावर म्हणत. मग मुलीला शाळेत धाडलं की दार लावून ती एकटीच शिकत बसे. चुका ऐकून शेजारीण भिंतीवर झाडू आपटायची. वर्षभराने झाडूचा आवाज बंद झाला, तेव्हा तुरिनीने पहिलं लग्न घेतलं.

वाद्यात सगळं होतं, एक सोडून. कारखान्याने भरून दिलेल्या ढोलांवर इंद्रमायूतलं कुत्रंही मान हलवणार नाही. इथल्या गाण्याला केंडांग लागतो, आडवा, दोन तोंडांचा, आणि त्या पट्ट्यात केंडांग म्हणजे रासबान, सगळ्यांचा कांग, थोरला भाऊ. त्या पळालेल्या ऑर्गनवाल्याशेजारी बसायचा तसाच पहिली तीन वर्षं तो तिच्या शेजारी मांडवात बसला. मग दोघांची बिदागी द्यायला लोक कुरकुरायला लागले. तुरिनीने त्याला घरी बोलावलं, बदकाचा झणझणीत रस्सा वाढला आणि दुपारभर त्याच्या थापा एकेक करून वाद्यात भरून घेतल्या. एक्केचाळीस थापा. घुमणारी, कोरडी, बोटाची टिचकी, तळव्याचा घिस्सा. पुढे आठवडाभर कानाला हेडफोन लावून तिने प्रत्येक थापेचं डोकं-शेपूट छाटलं. तेव्हापासून तिच्या बोटाखाली रासबान वाजायला लागला आणि खुद्द रासबानला बोलावणं थांबलं. तिचं थांबलं, मग इतरांचंही.

कुणी कुणावर डाव धरून केलं असं नाही. पण "हे माझ्या हातातून कुठं जाणार नाही, कांग," असं ती त्या दुपारी त्याला म्हणून बसली होती. त्यानंतर चौदा वर्षं बाजाराला जाताना ती कालव्याकाठचा लांबचा रस्ता धरत आली, कारण जवळच्या रस्त्यावर त्याचं घर होतं.

मुलगी, विविन, आता तैवानला एका म्हाताऱ्या बाईची सेवा करते. दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल येई आणि आईच्या पाठीमागे ते खोकं दिसे.

"मिमी, ते अजून तिथंच?"

"कुठं जाईल? पाय आहेत का त्याला?"

"वीक ना. सगळे लॅपटॉपवर वाजवायला लागलेत. अजून दोन वर्षांनी फुकट दिलंस तरी कोणी नेणार नाही."

"पापड्या कशावर ठेवू?"

"टेबल घेऊन देते मी तुला."

तुरिनीने विषय बदलला. विकलं की नुसतं वाद्य जात नाही, हे ती जाणून होती. खोकं दाराबाहेर पडताना शेजारणी बघतात. तिसऱ्या दिवशी मांडववाल्यांना कळतं. मग कुणाचीही गाडी बंद पडो, आठवण दुसऱ्याची होते. वर्षातून दोनदा का होईना, ती अजून ऑर्गनवाली होती. विकलं की पापडवाली, आणि एक्कावन्नाव्या वर्षी ते परत फिरणारं नव्हतं.

तरी तिने तट्ट्या बाजूला करून विविनला फोटो पाठवला. विविनने तैवानहूनच जाहिरात टाकली. तिघांनी शेवटची किंमत विचारली आणि नाहीसे झाले. चौथा ब्रेबेसचा, दाकलान नावाचा, तिशीतला ऑर्गनवाला. त्याने किमतीचं काढलंच नाही.

"यायू, आतल्या मालासकट देणार ना?" थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं त्याने फोनवर विचारलं. "रासबानचा केंडांग आहे म्हणतात तुमच्याकडे. तो असेल तर मागाल ते देतो. पुसून देणार असाल तर नको. रिकामी वाद्यं इकडे ढिगाने पडलीत."

तुरिनीने आठ दिवस मागून घेतले. सहा दिवस ती पापड्याच कापत होती. सातव्या दिवशी जवळच्या रस्त्याने गेली.

रासबान घरी नव्हता. बदकं घेऊन रुळांपलीकडे गेलाय, त्याची बायको म्हणाली, आणि तुरिनीकडे पायांपासून डोक्यापर्यंत बघत राहिली. कापणी झालेल्या खाचरांत तीन-चारशे बदकं चोची खुपसत चालली होती. बांधावर जुनी छत्री रोवून रासबान बसला होता. शेजारी लांब काठी, टोकाला प्लास्टिकची चिंधी. तुरिनीने उभ्यानेच सगळं सांगून टाकलं, विविनचा रविवार, ब्रेबेसचा फोन, आतला माल. 

"म्हणजे ब्रेबेसचा माणूस माझे हात विकत न्यायला निघालाय," ती थांबल्यावर तो म्हणाला. "पाय पण नेतो का विचार. गुडघे गेलेत, स्वस्तात देईन."

"चेष्टा नको, कांग. मी शब्द दिला होता तुम्हाला."

"कसला?"

"माझ्या हातातून जाणार नाही म्हणून."

"असं म्हणाली होतीस?" त्याने आठवून पाहिलं. "मला रस्सा आठवतो. मिरची जास्त झाली होती."

तुरिनी बांधावर बसली. चौदा वर्षं जुळवून ठेवलेलं वाक्य होतं, ते तिने जुळवलं होतं तसंच म्हटलं. तुमची कामं माझ्यामुळे गेली.

"तुझ्यामुळे?" रासबानने काठीने एक चुकार बदक वळवलं. "तू सातवी होतीस."

मग त्याने सावकाश सांगितलं. थापा भरून घेणारी ही यंत्रं आली म्हणजे वर्ष-दोन वर्षांत ढोलवाल्याला कुत्रंही विचारणार नाही, हे त्याला दिसत होतं. हात जाणारच आहेत तर विकून तरी जाऊ देत, म्हणून तो घरोघर फिरला. हाऊरगेउलिसला दोघांकडे, जातिबारांगला तिघांकडे, एकाकडे थेट चिरेबोनला. प्रत्येकाकडे जेवला, प्रत्येकाकडून रोख घेतली, प्रत्येकाच्या वाद्यात त्याच थापा मारून आला. तुरिनीकडे येईपर्यंत हात बसला होता.

"ही कुठून आली वाटतं तुला?" त्याने खाचराकडे हनुवटी केली. "पहिली शंभर त्या पैशांची."

तुरिनीला हलकं वाटायला हवं होतं. तिला राग आला.

"मी चौदा वर्षं कालव्यावरून बाजाराला जातेय."

"का?"

"तुमचं तोंड चुकवायला."

"घ्या. आमच्या घरात म्हणतात, तुरिनी मोठी झाली, आता या रस्त्याला पाय लावत नाही."

ती उठली. कमरेला लुंगीसारखी गुंडाळलेली बाटिक झटकत असताना रासबानने पुन्हा विचारलं, पण आता आवाज निराळा होता.

"एक सांग. त्या बाकीच्यांनी मला आंघोळ घालून पावडर लावून ठेवलंय. लग्नांत ऐकतो ना मी. घड्याळासारखा वाजतो. तुझ्यातला कसा आहे?"

"तुम्ही होता तसा."

"म्हणजे उशिरा."

"तीळभर."

रासबान जड थाप कधीच ठोक्यावर मारत नसे. गाणारीचा पाय जमिनीला टेकला की मगच, तीळभर थांबून. तुरिनी त्या केंडांगपुढे तेरा वर्षं गायली आणि नाचली होती. पाय टेकलाय आणि थाप अजून यायचीय, तेवढ्या फटीत ती उभी राहायला शिकली होती. म्हणून छाटताना तिने जड थापांआधीची ती फट तशीच ठेवली. रासबानला तिने हे सांगितलं नाही. त्याला ते कळल्यासारखं दिसलं.

"विकून टाक," तो म्हणाला. "माझी हरकत कसली? मी कधीच विकून मोकळा झालो. तुझं तू बघ." आणि पलीकडच्या खाचरात घुसलेल्या बदकांमागे निघून गेला.

घरी येईस्तोवर तिचं ठरलं होतं. शब्द कोणाला आठवत नव्हता, पाप लागलेलं नव्हतं, आणि विविन म्हणत होती ते खरंच होतं. तिने दाकलानला ये म्हणून कळवलं.

तो छोटा टेम्पो घेऊन आला, खारवलेल्या अंड्यांची पिशवी घेऊन. वागायला नम्र होता. दारातच वाकून नमस्कार, आत येताना खांदे झुकवून. तुरिनीने वाद्य पुसून स्टँडवर लावलं होतं. असाच केंडांग आणखी सहा जणांकडे आहे, हे तिने आधीच सांगून टाकलं. माहीत आहे, तो म्हणाला, पण ते सहाही अजून वाजवतात, विकत कोणी नाही. मग तो बसला आणि वाजवायला लागला. उजवा हात तिच्यापेक्षा चांगला होता. हे तिने मनातल्या मनात मान्य केलं आणि चहा ठेवायला वळली.

मागे सूर थांबले. एकच जड थाप पुन्हा पुन्हा वाजली. मग दुसरी.

"यायू, ही उशिरा येते."

"हो."

"ही पण. सगळ्या जड थापा तशाच आहेत. आधी रिकामी जागा राहिलीय. छाटताना लक्षात आलं नसेल तुमच्या." तो समजुतीने बोलत होता. "काही नाही, पंधरा मिनिटांचं काम. घरी गेलो की नीट करून घेतो."

"नीट करून घेशील."

"मग? आता सगळं घड्याळावर चालतं. मांडवातले दिवेसुद्धा."

"आणि गाणारीने पाय कुठं टाकायचा?"

दाकलानला प्रश्न कळला नाही. यात त्याचा दोष नव्हता. तो कायम वाद्यामागे बसलेला, गाणाऱ्या त्याला पाठमोऱ्याच दिसायच्या. तुरिनीने चहाचं पातेलं खाली उतरवलं, फरशीच्या मधोमध येऊन उभी राहिली आणि बाटिक घोट्याच्या वर धरली.

"वाजव."

त्याने वाजवलं. तिने कमर वळवली, पाय उचलला, टेकवला. पाय आधी, तीळभराने थाप. पुन्हा. एक्कावन्न वर्षांच्या गुडघ्याने कुरकुर केली, तरी पाय जिथे पडायचा तिथेच पडला. चार फेऱ्या झाल्यावर ती थांबली.

"बघितलंस?"

"बघितलं," दाकलान प्रामाणिकपणे म्हणाला. "तुमचा पाय लवकर पडतोय, यायू."

तुरिनीला हसू आलं, आणि ते बराच वेळ आवरेना. मग तिने हात लांब करून वाद्याचं बटण बंद केलं.

"नाही द्यायचा."

"किंमत वाढवू का?"

"किंमत बरोबर आहे. तू वाजवतोस पण छान. पण तुला पाहिजे तो रासबान त्या सहा जणांकडे आहे, नीट केलेला. त्यांच्याकडून उतरवून घे. इथली जागा राहून नाही गेली, मी ठेवलीय."

"मग मी नाही छाटणार. शपथ घेतो."

"छाटशील. तिसऱ्या लग्नाला छाटशील. राग नाही रे माझा."

त्याने बंद पट्ट्यांवरून एकदा बोटं फिरवली. मग चहा प्यायला आणि टेम्पोचा फेरा अगदीच वाया जाऊ नये म्हणून तीन किलो पापड्या घेऊन ब्रेबेसला परत गेला. शेजारणी बघायला दारात आल्या होत्या. टेम्पो रिकामाच गेलेला पाहून त्यांना काय समजायचं ते कळेना.

रविवारी विविनला राग आला. पैसे हातात आलेले असताना पायाबियाचं काय काढलंस, असं ती म्हणाली. तुरिनीने तिला पुरतं बोलू दिलं.

"म्हणजे आता तू परत वाजवणार?" शेवटी विविनने विचारलं.

"बोलावलं तर."

"आणि नाही बोलावलं तर?"

"तर नाही."

दुसऱ्या दिवशी तिने दारवान नावाच्या मांडववाल्याला फोन लावला आणि वाद्य चालू स्थितीत आहे, कापणीनंतरच्या तारखा मोकळ्या आहेत, असं सांगितलं. दारवान म्हणाला, मला वाटलं विकलंत. ती म्हणाली, नाही विकलं.

त्या वर्षी तिला तीन बोलावणी आली. त्यातलं एक आदल्या दिवशी रद्द झालं.