बाळंतशोपा आणि बंद मोटार

बायकोच्या पाळीआधीच्या त्रासावर मी उपाय शोधावा, असं मला कुणीही सांगितलेलं नव्हतं.

बायकोनं सांगितलं होतं ते एवढंच, की पाण्याची मोटार दुरुस्त करून घ्या. आमच्या जालन्यात नळाला पाणी येतं ते आठवड्यातून एकदा, तेही त्याच्या मर्जीनं. ते आलं की हातातलं सगळं टाकून टाकी भरायची, हा इथला रिवाज. आमची टाकी गच्चीवर, नळ खाली. मधलं काम मोटार करायची, आणि तीच बंद पडली होती. त्यामुळे संगीता (माझी बायको, प्राथमिक शाळेत शिक्षिका) बादल्या घेऊन जिना चढायची आणि मी कंपनीत पंख्याखाली असायचो. त्यात दर महिन्याला पाळीच्या आधी तिची कंबर धरायची, पोट फुगायचं, डोकं जड व्हायचं.

"अहो, मोटारीचं काय झालं? कंबर लई ठणकून राह्यली माझी."

या दोन वाक्यांतलं दुसरं मी मनावर घेतलं. पहिलं तसंच राहिलं.

यात दोष माझा नाही, नोकरीचा आहे. मी एमआयडीसीतल्या एका बियाणं कंपनीत उगवण तपासतो. ओल्या कागदावर बिया मांडायच्या, कोंब आले की पाहायचे, आणि गंभीर चेहरा करून सही करायची. अशा माणसाला जगातल्या कुठल्याही दुखण्यावर बीच सुचणार! मोबाइलवर एका बाईंनी जवस आणि अळिवाचे गुण इतक्या गोड आवाजात सांगितले, की मी त्याच संध्याकाळी दोन्ही घेऊन आलो. आता कुठलंही बियाणं तपासल्याशिवाय पुढं द्यायचं नाही, ही आमची शिस्त. मी एका ताटात ओला कागद अंथरला, त्यावर नमुने पसरले आणि ताट फ्रिजवर ठेवून दिलं.

काही दिवसांनी संगीतानं ते खाली काढलं. ताटात अळिवाचं हिरवंगार कुरण झालं होतं.

"हे काय आहे?"

"बघ, उगवण एकदम जोरदार आहे!" मी छाती काढून म्हणालो.

"कुठं उगवायचंय त्याला? माझ्या पोटात?"

"तुझी चिडचिड होते का गं फार? तेही त्यातलंच लक्षण आहे म्हणे."

तिनं ताट माझ्या हातात दिलं, बादली उचलली आणि जिन्याकडे गेली. शहाण्या माणसानं तिच्या हातातली बादली घेतली असती. मी मात्र लक्षणं वाढलीत असं ठरवून टाकलं. आता औषधही वाढवायला हवं!

त्यात शनिवारी तिच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. पोरांचे सगळे नाच तिनं बसवलेले. गेल्या वर्षी नेमके तेच दिवस आले होते आणि ती कमरेला ओढणी आवळून संध्याकाळभर उभी राहिली होती. यंदाही तारीख तिथंच येऊन ठेपली होती, आणि नळाचं पाणी शुक्रवारी यायचं होतं.

"मला दुसरं काही नको," ती म्हणाली. "शुक्रवारी फक्त पाठ टेकायला मिळाली पाह्यजे."

हे ऐकून मला भरून आलं. म्हणून मी तडक बन्सीशेठच्या किराणा दुकानात गेलो. (मोटारवाल्याचं दुकान रस्त्यातच होतं. मी त्याला हात केला.)

बन्सीशेठचं घराणं मूळचं राजस्थानातलं, पण चार पिढ्या इथंच गेलेल्या. गिऱ्हाइकाच्या घरात काय शिजतंय हे शेठना पिशवीवरून कळतं. दुकानात ही गर्दी. मी हळूच म्हणालो, "शेठ, बाळंतशोपा द्या. ओवाही द्या. थोडा डिंक."

बाळंतशोपा पोटदुखीवर चालतात हे मला त्या मोबाइलच्या बाईंनी सांगितलं होतं. पण आमच्याकडे ही सगळी सामग्री एकत्र कुणाच्या घरी जाते, हे मी विसरलो. शेठ विसरले नाहीत.

"डिलिव्हरी कोणाची झाली, दत्ताभाऊ?"

"घरातच लागतंय."

"घरात? वहिनी तर परवाच साखर घेऊन गेल्या की!"

सगळं दुकान माझ्याकडे पाहू लागलं. 'पाळी' हा शब्द माझ्या घशापर्यंत आला आणि तिथंच बसला. आमच्या लहानपणी घरात तो कुणी उच्चारायचं नाही. माय 'बाजूला बसली' की आम्ही पोरं कावळ्याला शोधायला अंगणात जायचो. तर मी घाम पुसला आणि म्हणालो, "म्हणजे... झाली नाही. अजून."

यातला शब्द न् शब्द खरा होता!

"अजून!" शेठचा चेहरा उजळला. "बराबर आहे! तयारी आधीपासूनच पाह्यजे. बधाई हो!" त्यांनी न मागता खारका आणि गुळाची ढेप पिशवीत टाकली. मी मान हलवली, कारण दुकानातून बाहेर पडायला तेवढंच पुरत होतं.

शेठच्या थोरल्या भावाचं दुकान अंबडला आहे. माझी माय अंबडजवळच्या गावात राहते आणि बाजार त्याच दुकानातून करते. गुरुवारी संध्याकाळी तिचा फोन आला.

"दत्ता, उद्या सुट्टी टाक. म्या येऊन राह्यले."

"माय, अगं तसं काही न्हाई..."

"मंग कसं हाय?"

पुन्हा तोच शब्द! "तू ये," मी म्हणालो आणि फोन ठेवला. ही बातमी संगीताला कशी सांगावी, या विचारात मी रात्रभर कूस बदलत राहिलो आणि सांगितली नाहीच.

शुक्रवारी पहिल्या एसटीनं माय हजर. काखेत डिंकाच्या लाडवांचा डबा. आल्याआल्या तिनं संगीताच्या तोंडावरून हात फिरवला.

"पोरी, तू पड. वजन उचलायचं न्हाई बिलकुल."

आता संगीता विचारणार, का? मग सगळं बाहेर पडणार, आणि माझी शेंडी दोघींच्या हातात! पण संगीता म्हणाली, "बरं माय." गरम पाण्याची पिशवी पोटाशी घेतली, पांघरूण ओढलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

तेवढ्यात नळ आला.

मायनं खुर्ची ओढून जिन्याच्या तोंडाशी मांडली आणि बसली. "चल. उचल."

"माय, मोटार बंद आहे."

"तू तर चालू हाय ना?"

मी बादली उचलली. पहिल्या फेऱ्या मी शिट्टी वाजवत मारल्या. मग शिट्टी गेली. मग बादली अर्धी भरू लागलो, तर माय खालून ओरडली, "पानी काय अंगारा हाय व्हय, चिमूट चिमूट नेतो? भर पुरी!" संगीतानं इतके दिवस ही टाकी एकटीनं कशी भरली, हे मला त्या जिन्यावर कळलं आणि खरंच वाईट वाटलं. पण वाईट वाटून पाणी चढत नाही. टाकी भरली तेव्हा मी गच्चीवर आडवा होतो आणि वर घारी फिरत होत्या. (माझ्यासाठीच, अशी मला तेव्हा खात्री होती.)

खाली आलो तर माझ्या शोपा-ओव्याचा काढा मायनं उकळून ठेवलेला. संगीतानं थोडा घेतला, बरं वाटलं म्हणाली. उरलेला मायनं मला पाजला. "तुला जास्त गरज हाय," असं म्हणून.

शनिवारी स्नेहसंमेलन दणक्यात झालं. शेवटच्या गाण्याला पोरांनी आपल्या बाईंना ओढत वर नेलं आणि संगीता नाचली! मी मागच्या रांगेत उभा राहून पाहिलं. उभा, कारण मला बसता येत नव्हतं.

घरी आल्यावर संगीता न्हाणीतून बाहेर आली आणि माझ्यादेखत मायला म्हणाली, "माय, मला पाळी आली."

बिचारी माय! तिचे लाडू! तिची आशा!

"आली का? बरं झालं, नाच झाल्यावर आली," माय म्हणाली आणि लाडू फोडून संगीताच्या हातावर ठेवला.

"माय, म्हणजे तुला... शेठचा निरोप..."

"निरोप आल्ता. म्या लगेच संगीताला फोन केल्ता. ती म्हनली, कशाचं काय, मोटार बंद हाय, मी बादल्या वाहून राह्यले, अन् तुमचा लेक फ्रिजवर शेती करून राह्यला."

दोघी इतक्या हसल्या की संगीताला पुन्हा गरम पाण्याची पिशवी घ्यावी लागली. मला हसताना कंबरेत कळ यायची, म्हणून मी नुसता पाहत राहिलो.

सोमवारी मोटारवाला आला. त्यानं झाकण उघडलं, एक चिमुकला सुटा भाग बदलला आणि मोटार घुमू लागली. चहा ठेवला होता, त्याला उकळीही फुटली नव्हती. संगीतानं माझ्याकडे पाहिलं. मी फ्रिजकडे पाहिलं.

त्यानंतर मायच्या हुकमावरून मी पुन्हा बन्सीशेठकडे गेलो. दुकानात नेहमीची गर्दी.

"या दत्ताभाऊ! वहिनींना कितवा चालू आहे?"

मी काउंटरला धरून उभा राहिलो. "कितवा नाही, शेठ. पाळीच्या आधी तिची कंबर दुखते. शोपा त्यासाठी नेल्या होत्या."

छत कोसळलं नाही. मागची एक बाई सहज म्हणाली, "मंग कोमट पान्यातून घ्यायला सांगा." शेठही तांदूळ जोखता जोखता म्हणाले, "इतकंच ना? तव्हाच सांगायचं! आमच्या घरी बी होतं. त्या दिवसांत शेकायची पिशवी तिच्याकडं अन् पाण्याची घागर माझ्याकडं. मंग आज काय देऊ?"

"डिंक. खारका. आणि बाळंतशोपा."

शेठनी चष्म्यावरून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. एक हात कमरेवर, पाय फाकलेले, चेहरा ओढलेला.

"वहिनींसाठी तर मागंच नेलं. मंग हे कोणासाठी?"

"द्या, शेठ," मी म्हणालो. "घरातली बाळंतीण मीच आहे."