शेजारी गेलेली मान

दिवाळीत माझं मनगट दुखावलं होतं, म्हणून दारापुढे मोराचे ठिपके काढून मी नवऱ्याला म्हटलं, "आता तुम्ही जोडा." हे कॉलेजात गणित शिकवतात. सगळ्या ठिपक्यांतून जाणारी एकच बहुपदी त्यांनी मांडली आणि तिच्याबरहुकूम रेघ ओढली. ठिपक्यांवर रेघ शहाण्यासारखी वागली. मधल्या जागेत मात्र अशी उसळली की मोराची मान शेजारच्या सुमनताईंच्या उंबऱ्याला टेकली.

"एकही ठिपका चुकलेला नाही," हे म्हणाले.

माणसंही आपल्याला ठिपक्याठिपक्यांनीच भेटतात. मधलं आपण मनाने जोडतो. सुमनताईंची मी जोडलेली रेघ चांगलीच खडूस होती. तेवढ्यात त्या बाहेर आल्या, त्यांनी मान निरखली आणि आतून रांगोळीचा डबा आणून चोचीपुढे दाणे काढायला बसल्या.

"दारात आलाय, उपाशी कसा पाठवू?"