मर्फीच्या खोडी

चहा घ्या, पावणं. तो निवेपर्यंत माझी फजिती ऐका. तीस वर्षं झाली, कोल्हापुरात पेंड, दावी न् घुंगरमाळा विकतोय. शाळा सातवीला सुटली, पण वडगावच्या बाजारात नुसत्या चालीवरून म्हशीचं दूध सांगतो. जनावराच्या बाबतीत मला अजून कुणी फसवलेलं नाही. अशा माणसाचं हसं व्हायला थेट आयर्लंड गाठावं लागलं. तेही एका कुत्र्यापायी!

आमची आशू तिकडं शिकायला गेली. पहिले सहा महिने फोनवर पोरीचा आवाज विहिरीतनं यायचा. जेवलीस का? व्हय. काय? ब्रेड. संपलं बोलणं. मग तिनं शर्यतीतनं निवृत्त झालेला एक कुत्रा आणला, मर्फी, आणि पोरगी बदललीच की! सकाळी सहाला उठून त्याला फिरवायला लागली. त्याच्यासाठी का होईना, गॅस पेटवायला लागली. गल्लीतल्या म्हाताऱ्यांशी ओळखी झाल्या. आता मीच म्हणायचो, बाई, ठेव फोन, गिऱ्हाईक उभं आहे.

पण कुत्रा अजून तिचा नव्हता. अशा निवृत्त कुत्र्यांना घरं शोधून देणाऱ्या एका संस्थेनं महिन्याच्या बोलीवर दिलेला. सगळं नीट दिसलं तर कायमचा, नाहीतर परत. आशूनं मला बजावलं होतं, "आण्णा, हा गेला तर मीपण शिक्षण सोडून परत येणार." नेमका त्याच महिन्यात मी तिच्याकडं गेलो.

मर्फी म्हणजे काय वर्णावा? फासळ्या लांबून मोजाव्यात, पाय बगळ्याचे. शर्यतीचा म्हणे! दिवसातले वीस तास सोफ्यावर उताणा. मी दुकानातली घुंगरमाळ हौसेनं नेलेली. ती गळ्यात घातली, तर आवाज होऊ नये म्हणून पठ्ठ्यानं मान हलवायचंच बंद केलं.

एका दुपारी आशू परीक्षेला गेली. संध्याकाळी संस्थेचं माणूस घर तपासायला येणार, तोवर मी परत येते, असं सांगून. आणि दोनलाच बेल वाजली. दारात एक उंच बाई, हातात वही. मर्फीसाठी आलेय म्हणाली आणि सरळ सोफ्यापाशी. ओठ उचलून दात पाहिले, फासळ्यांवरून हात फिरवला, चार पावलं चालवून पाहिलं. घराकडं ढुंकूनही बघितलं नाही.

मी मनात म्हटलं, आलं लक्षात. घर तपासणारं माणूस आधी घर बघेल. हे तर दुसरं गिऱ्हाईक!

आता आमच्या बाजाराचा एक रिवाज आहे. आपण इसार दिलेल्या जनावरापाशी दुसरं गिऱ्हाईक घोटाळायला लागलं, तर भांडायचं नाही. जनावराच्या खोडी सांगत सुटायचं. गिऱ्हाईक आपल्या पायानं जातं.

बाईंनी विचारलं, खातो किती? माझं इंग्रजी दुकानात येणाऱ्या टुरिस्टांकडून उचललेलं, पण खोडी सांगायला पुरतं. म्हटलं, खाण्याला मोजमाप नाही, दुसऱ्याच्या ताटातलंही सोडत नाही. झोप? रात्रभर घोरतो, भिंती हलतात. स्वभाव? कुणाचं ऐकत नाही, समजवायला गेलं की गुरगुरतो. मर्फीनं एक डोळा उघडून माझ्याकडं बघितलं. बाई सगळं वहीत उतरवत होत्या.

तुम्हीच सांगा, गिऱ्हाईक कधी खोडी लिहून घेतं काय? तिथंच मी गप्प बसायला हवं होतं. पण उलट मला चेव आला.

निघताना बाईंनी हात पुढं केला. माझ्या खांद्यावर टॉवेल. आणि तीस वर्षांची सवय हो! टॉवेल हातांवर टाकला न् आतनं त्यांची दोन बोटं दाबली. बाजारात भाव असाच करतात, झाकून. मला म्हणायचं होतं, दोनशे घ्या आणि ह्याचा नाद सोडा. बाईंचा पुतळा झाला. भाव पटला नाही असं समजून मी तिसरं बोट दाबणार, एवढ्यात आशू दारात.

"आण्णा, हात सोडा त्यांचा! संस्थेच्याच बाई हायेत त्या, लवकर आल्यात."

मी वडगावच्या रिवाजापासून सगळं आशूला सांगितलं. ती ते इंग्रजीत बाईंना सांगत होती, आणि तिचा आवाज पुन्हा विहिरीत चाललेला.

बाईंनी वही तिच्यापुढं धरली. यातलं खरं किती? आशूनं यादी वाचली. एकदा मर्फीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. बाईंना उत्तर दिलं आणि मला कळावं म्हणून मराठीतही सांगितलं, "खोडी सगळ्या खऱ्या हायेत. पण मर्फीच्या न्हाईत. आमच्या आण्णांच्या हायेत."

बाई हसता हसता सोफ्यावरच बसल्या, मर्फीला सरकवून. कागद पक्का झाला, मर्फी कायमचा आशूचा. फक्त तळाशी त्यांनी एक अट घातली: कुत्र्याला मुलीच्या वडिलांबरोबर घरात एकटं सोडू नये.

आशू नियमाची पक्की. उरलेले बारा दिवस ती कॉलेजला निघाली की मर्फी आत सोफ्यावर उताणा, आणि मी बाहेर पायरीवर, कानटोपी घालून. शेजारची म्हातारी येता-जाता मला रोज एक बिस्कीट टाकायची.