कय्युम मिस्तरीने बायको दुरुस्तीला टाकली

बोरी अरबच्या बाजारात कय्युम मिस्तरीचं दुकान. बिघडलेले पंखे, मिक्सर, फवारणीचे पंप, सारं तिथे यायचं. दुकानाचा दस्तूर साधा: वस्तू ठेवा, बिघाड सांगा, संध्याकाळी घेऊन जा. उभं राहून गप्पा छाटणाऱ्या गिऱ्हाइकाचा त्याला भारी संताप. कपाशीची ती वर्षं अशी बेकार गेली, की दुरुस्त झालेले पंपसुद्धा न्यायला कोणी येईना. तरी दस्तूर काही बदलला नाही.

तर त्याची बायको शहनाज माहेरी निघाली होती. कायमची. जुम्म्याला तिचा भाऊ इम्तियाज कळंबहून न्यायला येणार होता. त्यांची एकुलती एक लेक, आरिफा, तापाने गेली, तेव्हापासून शहनाज रडते, जेवत नाही, तेच ते बोलते. कय्युमला बिघाड उघड दिसत होता. आणि ती गेली तर या घरात आपण एकटे काय करणार, हेही दिसत होतं. ते मात्र तो कोणाला सांगत नव्हता.

दारव्ह्याच्या सरकारी दवाखान्यात प्रेरणा मॅडम यायच्या. गावोगावी शेतकरी जीव देत होते, म्हणून खास कास्तकारांशी बोलायला त्यांना नेमलं होतं. कय्युमने आधी विचारून घेतलं, "मिस्तरी लोकायचं चालते ना?" चालत होतं. मग त्याने शहनाजला तिथे नेऊन मॅडमसमोर खुर्चीत बसवलं.

"सारखी रडून राह्यली. पाहून ठेवा. मी संध्याकाळी घेऊन जातो."

आणि निघाला की गडी!

मॅडम हसल्या नाहीत. "कय्युमभाई, इथे माणूस ठेवून जाता येत नाही. बसा."

बसला बापडा. मॅडमनी शहनाजला विचारलं, "रडू कधी येतं, ताई?"

"आरिफाची गोष्ट काढली का."

"मग हे काय करतात?"

"मिक्सर खोलते."

ही सरासर बदनामी होती. कधीकधी तो इस्त्रीही खोलायचा.

तेवढ्यात डोक्यावरचा पंखा करकरला. कय्युमचा हात खिशातल्या पेचकसाकडे गेला. "बुश गेला त्याचा. स्टूल द्या, आत्ताच करतो."

"पंखा राहू द्या. आरिफाचं नाव निघालं तेव्हा तुमच्या मनात काय आलं?"

"काई नाई."

गोळी नाही, सल्ला नाही, नुसती वाट पाहत बसलेली बाई. फुकटचा पगार, कय्युमला वाटलं. पण पेचकस हातात आणि खोलायला काहीच नाही, असं त्याचं आयुष्यात झालं नव्हतं. शेवटी तोच बोलला. "तिले ताप चढला तवा हिचा निरोप आलता. मी म्हटलं, एवढा पंप जोडतो न् येतो."

निरोप मिळालाच नाही, असं त्याने आजवर शहनाजला सांगितलं होतं. शहनाजने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"आता काय करू, मॅडम?"

"काही दुरुस्त करू नका. त्या बोलतील ते पूर्ण ऐका."

"मंग?"

"मग पुन्हा ऐका."

याला काय इलाज म्हणतात राव!

परतताना शहनाज एसटीत चकार शब्द बोलली नाही. घरीही नाही. कय्युमने पेचकसाला हात लावला नाही, तेव्हा घरच्या पंख्यानेही फायदा घेतला आणि वाजायला लागला. जुम्म्याला तिने पेटी भरली, कडी लावली, आणि पेटीजवळ उभी राहून बोलायला लागली.

"पाणी मांगत नव्हती ती. तुमाले मांगत होती. अब्बू कवा येते, अब्बू कवा येते. मी म्हणे, निरोप भेटला नसंन."

कय्युमला वाटलं, मरण बरं. पण तो उठला नाही. लेकराचं नाव घेऊन तो रडला, आणि शहनाज बोलतच राहिली.

इम्तियाज दारात येऊन उभा. वर पाहत म्हणाला, "दुल्हेभाई, पंखा लय वाजून राह्यला."

"वाजू दे," कय्युम म्हणाला. "ती बोलून राह्यली."

शहनाजने डोळे पुसले. "तू बस," ती भावाला म्हणाली. "माहं बोलणं व्हायचं हाये."

दुसरी जागा नव्हती. इम्तियाज पेटीवरच बसला.